शकुनताईंचा न धुतलेला कॉलम

शकुन देवस्थळी कोणतीही गोष्ट एकदाच धूत नसत. डमडमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ट्यूबवेलचं पाणी यायचं, लोखंडामुळे तांबूस. ते त्या फडक्यातून गाळायच्या, त्यात तुरटी फिरवायच्या, निवळल्यावर पुन्हा गाळायच्या आणि मग उकळायच्या. त्या पाण्याने तांदूळ धुवायच्या, तेही धुवण आरपार दिसेपर्यंत. त्यांचे यजमान भालचंद्र देवस्थळी तारखात्यात इंजिनिअर होते. ते पाहुण्यांना सांगत, "आमच्या घरात दोनदा न धुतली जाणारी वस्तू एकच. मी."

सियालदहजवळच्या ज्या संशोधन संस्थेत शकुनताई काम करत, तिथे मात्र या सवयीला मान होता. रसायनशास्त्रात स्वच्छता ही अर्धी विद्या मानली जाते. त्यांनी धुतलेली काचेची भांडी दुसऱ्या विभागातले लोक उसनी मागून नेत आणि परत द्यायचं विसरत. त्यांच्यासोबत काम करणारी मीनाक्षी दत्त ही तरुण संशोधक त्यांची थट्टा करायची. "बौदी, एक दिवस तुम्ही पाणीसुद्धा धुवाल."

"धुतेच की," शकुनताई म्हणायच्या. "डिस्टिलेशन म्हणजे दुसरं काय?"

बौदी म्हणजे वहिनी. हे नाव त्यांना पहिल्याच दिवशी मिळालं होतं आणि त्याला कारण होतं. बंगालीत शकुन म्हणजे गिधाड. कार्यालयातल्या कारकुनाने त्यांचं नाव वाचलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. विभागप्रमुख डॉ. शरच्चंद्र बागची शेजारीच उभे होते. चिमटीतली तपकीर नाकात सारून ते म्हणाले, "गिधाडाला पगार देण्याची आपल्या नियमांत तरतूद नाही. आजपासून या आपल्या बौदी." तेव्हापासून शिपायापासून संचालकांपर्यंत त्यांना कुणी शकुन म्हटलं नाही.

भालचंद्ररावांची कलकत्त्याला बदली झाली तेव्हा शकुनताईंकडे पुण्याची एम.एस्सी. होती, कडेवर मुलगी होती आणि हाताला काम नव्हतं. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर त्या बागचींकडे रुजू झाल्या. बागचींचा विषय त्या काळात फार थोड्या ठिकाणी चालत होता. एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेले रेणू वेगळे करायचे, तेही एका काचेच्या नळीतून वरून खाली वाहू देऊन. या नळीला कॉलम म्हणतात.

हा विषय शकुनताईंना घरात समजावून सांगावा लागला तो १९७६ सालच्या मार्चमध्ये. सासूबाई लीलाबाई सांगलीहून आल्या होत्या. भालचंद्ररावांची जबलपूरला बदली झाली होती, जूनच्या सुरुवातीला तिथे हजर व्हायचं होतं आणि घर आवरायला माणूस हवं होतं. लीलाबाईंनी आल्याआल्या दोन गोष्टी हाती घेतल्या. पहिली, नातीची मराठी. बंगालीत पाणीही खातात, त्यामुळे आठ वर्षांची उज्ज्वला बंगाली मुलींच्या सोबतीने "आजी, मी पाणी खाल्लं" असं म्हणायची. दुसरी, नातीचा हात. उज्ज्वला डावखुरी होती.

"उजव्या हाताने जेव गं. डाव्या हाताने जेवणारं माणूस पंगतीला कसं दिसतं?"

"कसं दिसतं?" उज्ज्वलाने विचारलं.

"उलटं."

उज्ज्वलाने उजव्या हाताने एक घास घेतला, तो फ्रॉकवर सांडला आणि पुढचा डाव्या हाताने घेतला. शकुनताई आमटी वाढत होत्या. लीलाबाईंनी मोर्चा त्यांच्याकडे वळवला. "आणि तू तिथं दिवसभर करतेस काय नेमकं? भालू सांगतो नळीतून पाणी सोडता. ते तर आपल्या न्हाणीघरातही होतं."

शकुनताईंनी एक रिकामं ताट घेतलं आणि रीतीप्रमाणे वाढलं. वर मधोमध मीठ, डावीकडे चटणी आणि कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी. मग दुसरं ताट घेऊन त्यात सगळं तेच वाढलं, पण चटणी-कोशिंबीर उजवीकडे आणि भाजी-आमटी डावीकडे.

लीलाबाई दचकल्या. "हे काय वाढलंस?"

"पदार्थ तेच आहेत ना आई? मीठ तेवढंच, चटणी तेवढीच?"

"असेल. पण हे चुकलंय."

"मग फिरवून दुरुस्त करा."

लीलाबाईंनी दुसरं ताट फिरवलं. चटणी डावीकडे आली खरी, पण मीठ खाली पोटाशी आलं. पुन्हा फिरवलं. मीठ वर गेलं, चटणी पुन्हा उजवीकडे. "पालथं घातलं तर जमेल," त्या म्हणाल्या आणि लगेच, "पण मग जेवणार काय?"

"झालं. हेच माझं काम," शकुनताई म्हणाल्या. औषधांच्या पुष्कळ रेणूंचं असंच असतं, त्यांनी सांगितलं. एकच मसाला, दोन ताटं, एक सरळ आणि एक आरशातलं. दोघांचं वजन तेच, वितळायचं तापमान तेच. कारखान्यात दोन्ही निम्मी निम्मी एकाच ढिगात तयार होतात. शरीराला मात्र फरक कळतो. काही वेळा एक ताट लागू पडतं आणि दुसरं नुसतंच पोटात जातं, क्वचित बाधतंही. ती वेगळी करायची, पण तराजूला आणि गाळणीला त्यांच्यातला भेद दिसत नाही.

"मला बसवा वाढायला," लीलाबाई म्हणाल्या. "एका नजरेत सांगेन कुठलं उलटं."

"तेच तर करतोय. नळीत तुमच्यासारखं कुणीतरी बसवायचं. एक नाही, लाखो. सगळ्या एका रांगेत. वरून ताटं सोडायची. ज्या बाजूचं ताट तुम्हाला पटतं त्याच्याशी तुम्ही दोन शब्द बोलणार, ते मागे रेंगाळणार. दुसरं पुढे सटकणार. नळीच्या खालच्या तोंडाशी एक आधी, दुसरं नंतर."

भालचंद्रराव वर न पाहता म्हणाले, "नळीत लाखो सासवा. आणि तू रोज तिथे आपणहून जातेस?"

लीलाबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी दुसरं ताट स्वतःच्या हाताने नीट वाढून घेतलं.

प्रयोगशाळेत या सासवा म्हणजे कापसातलं सेल्युलोज. झाडं सेल्युलोज बनवतात ते एकाच वळणाचं, त्याची आरशातली आवृत्ती निसर्गात सापडत नाही. म्हणूनच त्याला डावं-उजवं कळतं. बागची आधी बटाट्याच्या स्टार्चवर प्रयोग करत. तिथे रेणू हलायचे, पण पुरते सुटायचे नाहीत. १९७४च्या दुर्गापूजेच्या सुट्टीआधी त्यांच्या हाती एका जर्मन शोधनिबंधाचा चार ओळींचा सारांश आला. सेल्युलोजवर ॲसिटिक ॲनहायड्राइडची प्रक्रिया करून केलेल्या पांढऱ्या भुकटीने ट्रोगरचा बेस नावाचा पदार्थ दोन हातांत, म्हणजे सरळ आणि आरशातल्या रूपांत, वेगळा झाला होता. मूळ नियतकालिक मिळालं नाही. परकीय चलनाच्या टंचाईत ते ग्रंथालयाने बंद केलं होतं. "चार ओळी पुष्कळ झाल्या," बागची म्हणाले. "बाकीच्या आपण लिहू."

बाकीच्या ओळी लिहायचं काम शकुनताईंकडे आलं आणि दीड वर्ष झालं तरी एकही लिहून झाली नव्हती. भुकटी त्या सुरेख करायच्या. कापसाच्या सेल्युलोजचं ॲसिटेट झालं की ते अल्कोहोलने धुवायचं, एवढं पुरलं असतं. शकुनताईंना ते पुरत नसे. त्यांना त्यात बारीक तपकिरी कण दिसायचे, कापसाच्या सरकीची आठवण करून देणारे. मग त्या सगळी भुकटी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायच्या, दाट रस गाळून कण काढायच्या आणि तो रस ढवळत्या अल्कोहोलमध्ये बारीक धारेने सोडायच्या. भुकटी पुन्हा वर यायची, नव्या मिठासारखी पांढरी. याला त्या मोठं धुणं म्हणत. बागची ती भुकटी उजेडात धरून म्हणायचे, "अहा, बौदी, ही तर विकायला ठेवावी."

विकायला चालली असती. कॉलममध्ये चालत नव्हती. वरून ट्रोगरचा बेस सोडला की खालून तो जसाच्या तसा यायचा, दोन्ही हात एकत्र. शकुनताईंनी नळी लांब केली, मग अरुंद केली. अल्कोहोल बदललं, वेग कमी केला, भुकटी आणखी बारीक केली. आणि शंका आली की मोठं धुणं पुन्हा एकदा. जितका निकाल वाईट, तितकी भुकटी स्वच्छ.

बदलीचा हुकूम त्यांनी बागचींना सांगितला तेव्हा बागचींनी तपकिरीची डबी उघडली आणि न घेताच मिटली. "परगावी बसून प्रबंध लिहिता येतो बौदी. कॉलम भरता येत नाही. मे संपेपर्यंत दोन हात वेगळे दाखवा, उरलेलं तिकडून लिहा. नाही तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. विषय कपाटात जाणार होता. मीनाक्षीला दुसरं काम मिळालं असतं. शकुनताईंना जबलपुरात कुणी असला कॉलम लावू देणार नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एप्रिलमध्ये त्यांनी भुकटीचा शेवटचा मोठा घाणा काढला. ती अल्कोहोलने धुऊन, वाळवून बरणीत भरली आणि मोठ्या धुण्यासाठी भांडारात माणूस पाठवला. तो हात हलवत परत आला. क्लोरोफॉर्म संपला होता. नवं वर्ष, नवी मागणी, जूनपर्यंत तरी नाही.

शकुनताई स्वतः भांडारात जाऊन आल्या. शेजारच्या विभागात गेल्या. ज्यांनी त्यांची भांडी परत केली नव्हती त्यांच्याकडेही गेल्या. सगळीकडून मिळून चहाचा कप भरेल एवढा क्लोरोफॉर्म जमला.

मीनाक्षीने बरणी हातात घेतली. "अशीच भरूया."

"ही? बघ त्यात काय काय आहे."

"कापूस आहे."

"कचरा आहे. कॉलममध्ये कचरा भरायचा?"

"कचरा नाही बौदी. फक्त तुम्ही न धुतलेली आहे. जगातल्या बहुतेक वस्तू अशाच असतात."

"मीनाक्षी, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. माझी शिष्यवृत्तीही याच नळीत आहे." मीनाक्षीने बरणी खाली ठेवली. "जूनपर्यंत थांबायचं तर थांबू. पण जूनमध्ये तुम्ही इथे नसाल."

शकुनताईंनी उरलेली दुपार भांडी धुण्यात घालवली. सकाळी येऊन त्यांनी भुकटी अल्कोहोलमध्ये उकळून फुगवली आणि नळीत ओतली. ती थराथराने खाली बसेपर्यंत रबरी नळीच्या तुकड्याने काचेवर हलकेच टकटक करत राहिल्या. तपकिरी कण काचेतून स्पष्ट दिसत होते. त्यांनी नळीच्या त्या बाजूला पाठ केली.

नळी वाहायला लागली की तिच्याकडे बघण्यासारखं काही नसतं. थेंब पडतो, मग दुसरा. कलकत्त्यातली वीज त्या उन्हाळ्यात मनाला येईल तेव्हा जायची, पण कॉलमला विजेची गरज नव्हती. तो पृथ्वीच्या ओढीवर चालायचा. परीक्षानळ्या भरत गेल्या, मीनाक्षी त्यांना क्रमाने मांडत गेली. कुठल्या परीक्षानळीत काय आहे ते मात्र पोलॅरिमीटर नावाच्या यंत्रातूनच कळणार होतं. एका दिशेत कंप पावणारा प्रकाश द्रावणातून सोडायचा. एका हाताचे रेणू तो उजवीकडे फिरवतात, दुसऱ्या हाताचे डावीकडे. दोन्ही समान असतील तर एकमेकांना निष्फळ करतात आणि प्रकाश सरळ जातो. दीड वर्ष तो सरळच जात होता.

सगळ्या नळ्या भरल्या तेव्हा दुपार झाली होती. खोलीच्या कोपऱ्यात काळ्या पडद्याआड यंत्र होतं. सोडियमचा दिवा तापायला वेळ लागायचा. तो आधी गुलाबी दिसतो, मग पिवळा. शकुनताईंनी पहिल्या नळ्यांतला एक नमुना ठेवला, डोळा लावला आणि चकती फिरवली.

"मीनाक्षी."

"काय?"

"शून्यावर जुळत नाहीये."

"दिवा नीट तापला नसेल."

"तापलाय. उजवीकडे..." एवढ्यात यंत्रातला उजेड गेला. पंखा थांबला. मजल्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी सवयीने "गेली" म्हणालं.

पडद्याआडून शकुनताई बाहेर आल्या नाहीत. मीनाक्षीने पडदा बाजूला केला, तर त्या अंधारातच नळकांड्याला डोळा लावून बसल्या होत्या.

"बौदी, वीज गेलीय."

"मला माहीत आहे. हलले तर चकती हलेल."

मीनाक्षी धावत बागचींच्या खोलीत गेली. खिडकीच्या उजेडात ते जर्मन शब्दकोश वाचत होते, वीज गेली की त्यांचा तो उद्योग असे. सगळं ऐकून घेतल्यावर ते उठले. "केव्हा येईल वीज?"

"संध्याकाळी, नाहीतर उद्या."

"म्हणजे बौदी संध्याकाळपर्यंत अशाच बसणार." बागची प्रयोगशाळेत येऊन गॅसच्या बर्नरकडे गेले. "आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा सोडियमचे दिवे कुठे होते? मीठ आण."

"कसलं मीठ, सर? शुद्ध सोडियम क्लोराइड कपाटात..."

"कसलंही. भजीवाल्याचं आण."

मीठ शकुनताईंच्या जेवणाच्या डब्यात काकडीबरोबर होतं. बागचींनी खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या, लोखंडी तारेच्या वेटोळ्यात ओलं मीठ भरलं, बर्नर पेटवून यंत्राच्या तोंडाशी सरकवला आणि तार ज्योतीत धरली. निळी ज्योत भडक पिवळी झाली. त्या एकाच रंगाच्या उजेडात बाकीचे सगळे रंग मरतात. बागचींच्या पांढऱ्या शर्टवरचे शाईचे डाग, मीनाक्षीची हिरवी साडी, सगळं राखेच्या छटांचं झालं. शकुनताईंचं लाल कुंकू काळं दिसू लागलं.

"जुळवा," बागची म्हणाले.

"उजवीकडे," पडद्याआडून आवाज आला. "भरपूर उजवीकडे. पुढची नळी दे."

मीनाक्षीने नळ्या देण्याचा आणि घेण्याचा क्रम धरला. बागचींनी तार धरली, मीठ जळालं की पुन्हा ओलं करून भरलं. सुरुवातीच्या नळ्या उजवीकडे. मग कमी उजवीकडे. मधल्या एका नळीत प्रकाश सरळ गेला. दीड वर्ष याच सरळ प्रकाशाने त्यांना छळलं होतं.

"पुढची," शकुनताई म्हणाल्या. चकतीचा आवाज झाला. "डावीकडे."

"पुन्हा बघा," बागची म्हणाले.

"डावीकडे. सर, डावीकडेच."

शेवटच्या नळ्या पहिल्यांच्या जवळजवळ तेवढ्याच उलट्या निघाल्या. बागचींनी स्वतः डोळा लावून पाहिलं आणि तार मीनाक्षीच्या हातात दिली. मग त्यांनी पडद्याबाहेर येऊन तपकिरीची इतकी मोठी चिमूट घेतली की पुढचं बोलणं शिंकांमध्ये वाहून गेलं. मीनाक्षीने जळती तार हातात घेऊन एक गिरकी घेतली. तिच्याभोवती पिवळा उजेड फिरला आणि शकुनताई ओरडल्या, "अगं अल्कोहोल आहे तिथे!"

कॉरिडॉरमधून लोक आले. आग लागली असं त्यांना वाटलं होतं. आत त्यांना काळ्या कुंकवाच्या बौदी हसताना दिसल्या आणि शिंकणारे विभागप्रमुख. काहीतरी झालं आहे एवढं कळल्यावर कुणीतरी खालून रसगुल्ल्यांचं मडकं आणलं. शकुनताईंनी हात धुऊन, पुसून, पुन्हा धुऊन रसगुल्ला घेतला. तेवढ्या आनंदातही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या प्रश्न घेऊन. कॉलम चालला, पण का चालला? बाकी सगळं जुनंच होतं, बदललं होतं फक्त मोठं धुणं. त्यांनी त्याच बरणीतली मूठभर भुकटी घेतली, तो चहाच्या कपाएवढा क्लोरोफॉर्म त्यावर ओतला आणि नेहमीप्रमाणे विरघळवून, गाळून, पुन्हा वर आणली. नव्या मिठासारखी पांढरी. मग दोन छोट्या नळ्या शेजारीशेजारी लावल्या, एकीत धुतलेली भुकटी, दुसरीत न धुतलेली. न धुतलेलीने हात वेगळे केले. धुतलेलीने नाही. पुन्हा केलं, तेच आलं.

मीनाक्षी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "बौदी, दीड वर्ष तुम्ही सासवाच धूत होता."

सासवांची गोष्ट शकुनताईंनी प्रयोगशाळेतही सांगितली होती. "धूत नव्हते, विरघळवत होते," त्या म्हणाल्या. त्यांना आता नीट दिसलं होतं. कापसाच्या तंतूत सेल्युलोजच्या साखळ्या ओळीने बसलेल्या असतात. ॲसिटेट करतानाही तंतू विरघळत नाही, ओळ टिकते. डावं-उजवं ओळखायची ताकद एकट्या साखळीत पुरेशी नव्हती, ती ओळीत होती. क्लोरोफॉर्ममध्ये सगळ्या साखळ्या सुट्या झाल्या आणि पुन्हा खाली बसल्या त्या जागा मिळेल तशा. घरी त्यांनी लीलाबाईंना हेच सांगितलं. "पंगत मोडली आई. माणसं तीच, पण उठून कुणी कुठेही बसलं. मग उलटं ताट कुणाच्या लक्षात येणार?"

लीलाबाई डबे पुसत होत्या. "म्हणजे चूक धुण्याची."

"हो."

"तुझ्या."

"माझ्याच."

"बरं झालं कळलं," लीलाबाई म्हणाल्या. "मला वाटत होतं की हे धुणं माझ्या घरी येऊन शिकलीस. हे तुझं माहेरचं आहे." आणि तोच डबा त्यांनी आणखी एकदा पुसला.

बागचींनी अखेर एका मित्राकरवी मुंबईहून मूळ जर्मन निबंधाची प्रत मिळवली. शब्दकोश घेऊन ते दोन दिवस बसले आणि मग हसत बाहेर आले. पदार्थ विरघळवला तर गुण जातो हे त्यात सरळ लिहिलं होतं. "वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं, पण विश्वास ठेवला नसता," ते शकुनताईंना म्हणाले. शकुनताईंनी विचार करून हे मान्य केलं. त्यांच्या प्रबंधात धुतलेल्या आणि न धुतलेल्या भुकटीच्या तुलनेचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते जबलपुरात लिहिलं गेलं आणि परीक्षकांना तेच सर्वांत आवडलं.

मोठा कॉलम कलकत्त्यातच राहिला. मीनाक्षीने त्यावर पुढे आणखी काही औषधी रेणू वेगळे केले. काचेवर तिने बंगालीत चिठ्ठी चिकटवली होती, "बौदींचा कॉलम. कृपया स्वच्छ करू नये."

निघायच्या आधीच्या रविवारी बागची आणि मीनाक्षी डमडमला जेवायला आले. सामान बांधलं गेलं होतं, भांडी पेट्यांत गेली होती, म्हणून लीलाबाईंनी केळीची पानं मांडली. बागचींच्या पानावर त्यांनी स्वतः वाढलं. बागची पान निरखून पाहत राहिले. "डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी. माझ्या लॅबमधला शोध या पानावरून लागला म्हणतात."

"शोध कसला," लीलाबाई हिंदीत म्हणाल्या, "वाढायची रीत आहे." आणि त्या पुढच्या पानाकडे वळल्या.

पुढचं पान उज्ज्वलाचं होतं. लीलाबाई क्षणभर थांबल्या. मग त्यांनी मीठ वर मधोमध वाढलं, चटणी आणि कोशिंबीर उजवीकडे वाढली, भाजी आणि आमटीचा द्रोण डावीकडे ठेवला. उज्ज्वलाने पानाकडे पाहिलं, मग आजीकडे.

"आजी, हे उलटं आहे."

"तुझ्यासाठी सरळ आहे. जेव त्या हाताने."

उज्ज्वलाने डावा हात पानाकडे नेला.

"अगं, आधी धुऊन ये," लीलाबाई म्हणाल्या. "दोन्ही."